हरलेल्यांची अंगठी

बॉयलरचं बटण मी यंदाही ऑक्टोबरपर्यंत दाबलं नव्हतं. पुण्याची आहे मी. हुडहुडी भरली तरी आधी स्वेटर, मग शाल, आणि अगदीच दात वाजायला लागले की मग गॅस. शेवटी गेल्या रविवारी दाबलं. रेडिएटर खडखड करत जागे झाले आणि उन्हाळाभर त्यांच्यावर साचलेली धूळ तापून तिचा वास घरभर पसरला. जळका, थोडासा गोडसर, सुती कापडावर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली की येतो तसा. या वासाने मला दरवर्षी एकच ऑक्टोबर आठवतो. बाकीचे कुठे गेले कुणास ठाऊक. त्या वर्षी माझे सासरे, नाना, नागपूरहून आमच्याकडे इंग्लंडात, मेडनहेडला आले होते, आणि दसऱ्याला त्यांच्या बोटात घातलेली एक अंगठी दिवाळी आली तरी निघत नव्हती.

अंगठीचं सांगायचं तर आधी माझ्या नवऱ्याचा छंद सांगावा लागेल, आणि तो सांगताना मला अजूनही थोडं हसू येतं. लोकांचे नवरे तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. आमच्या ओळखीत एक जण बिअरच्या बाटल्यांची झाकणं जमवणारा आहे. माझा नवरा अविनाश बेसबॉलच्या अंगठ्या जमवतो. इंग्लंडात राहून, क्रिकेटच्या माहेरी. लग्नाआधी तो दोन-तीन वर्षं क्लीव्हलंडला नोकरीला होता. तिथे ऑफिसातल्या कुणीतरी त्याला मैदानावर नेलं. खेळ काही कळला नाही, पण शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता आणि त्याच्या बोटात सुपारीएवढी अंगठी होती. अविनाशने विचारलं, तुम्ही खेळाडू होतात का? म्हातारा म्हणाला, छे, मी दारावर तिकिटं फाडायचो. आमचा क्लब एका वर्षी जिंकला आणि मालकाने दारावरच्या माणसापर्यंत सगळ्यांना अंगठ्या केल्या.

दारावरच्या माणसापर्यंत! हे सांगताना अविनाशचे डोळे अजून चमकतात. बेसबॉलचा शेवटचा सामना जिंकला की संघासाठी अंगठ्या घडवतात, त्यावर खडे, क्लबचं चिन्ह, बाजूला नाव. पूर्वी म्हणे अंगठीऐवजी खिशातलं घड्याळ किंवा कोटाला लावायची पिन देत. खेळाडूंच्या खऱ्या अंगठ्या आमच्यासारख्यांच्या हाती लागत नाहीत. म्हणून अविनाशकडे बहुतेक नमुन्याच्या आहेत, म्हणजे सोनार आधी एक करून क्लबला पसंतीसाठी दाखवतो ती. तिच्यावर कुणाचंच नाव नसतं, ती कुणीच जिंकलेली नसते. अशा अंगठ्या डबीतून काढून तो दिव्याखाली धरायचा आणि मला इतिहास सांगायचा. मी भाजी निवडत हूं हूं करायची. हौसेला मोल नाही म्हणतात, आणि मीही ते कधी विचारलं नाही.

शेजारच्या डोरीनला त्याने एकदा सगळ्या डब्या दाखवल्या होत्या. तिने प्रत्येक अंगठी चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाली, "लव्हली. पण बेसबॉल म्हणजे आपलं राउंडर्सच ना रे? मुली शाळेत खेळतात ते?" अविनाश दोन दिवस कुंपणाकडे फिरकला नाही.

नाना आले ते सप्टेंबरच्या शेवटी, व्हिजिटर व्हिसावर. सासूबाई गेल्यापासून ते नागपूरला माझ्या नणंदेकडे, मंगलताईंकडे राहत. चाळीस वर्षं शाळेत खेळाचे मास्तर, खो-खोचे. ताठ, सडपातळ, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी नसली तरी असल्यासारखी मान. गोड खायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून ते साखरेऐवजी गूळ खायचे. बाप-लेकाचं फोनवरचं बोलणं मी लग्नापासून ऐकत होते. पोचलास का. जेवलास का. तिकडे थंडी किती. मग नाना म्हणायचे, "बरं, मेधाकडे दे." आणि फोन माझ्याकडे यायचा. भांडण नव्हतं काही. खो-खोच्या मास्तरांचा मुलगा पळायला लागला की पाय अडखळून पडायचा, एवढंच होतं. पण एवढंसं पुरतं माणसांना.

ती अंगठी नाना आल्यावर चारच दिवसांनी अमेरिकेहून पार्सलने आली. दार नानांनी उघडलं, सही नानांनी केली. अविनाश कितीतरी महिने तिच्या मागे होता. इतरांच्या मानाने ती अगदी साधी. बारीक सोन्याचं कडं, गडद निळा छोटा खडा, आत कुणाच्या तरी नावाची आद्याक्षरं. पन्नास वर्षांपूर्वी एका क्लबमध्ये खेळाडूंचे कपडे धुऊन-सांभाळून ठेवणारा माणूस होता, त्याची.

"हे लोक कोणत्या साली जिंकले?" नानांनी विचारलं.

"जिंकले नाहीत नाना. फायनलला गेले आणि हरले."

"हरले तरी अंगठी देतात?"

"कधी कधी देतात. फायनलपर्यंत गेले ना, म्हणून. पण हरलेल्यांना ती नको असायची. कुणी फेकली, कुणी वितळवली, कुणी भाच्याला देऊन टाकली. म्हणून तर रेअर आहे. अशा एक-दोनच उरल्यात म्हणतात."

नानांनी अंगठी हातात घेऊन खिडकीपाशी नेली. बराच वेळ पाहत होते.

त्या महिन्यात बेसबॉलच्या शेवटच्या मालिका सुरू होत्या. इथे त्या मध्यरात्रीनंतर दाखवत, म्हणून अविनाश व्हिडिओवर टेप करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर पाहायचा. इंग्लंडात बेसबॉल आवडण्याचा हा एक मोठा फायदा आहे, दिवसभरात निकाल कुणी फोडत नाही. नाना पहिल्या दिवशी सोफ्याच्या टोकाला बसले, पेपर वाचण्याचं निमित्त करून. दुसऱ्या दिवशी पेपर खाली आला. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून ऐकते तर मास्तर टीव्हीला ओरडून सांगत होते, "अबे पळ ना! काय पाहून राहिला तिकडे!"

नानांना तो खेळ आमच्यापेक्षा लवकर कळला. पळणारा कधी निघणार हे ते त्याच्या खांद्यावरून आधी सांगायचे. अविनाश टेप मागे घेऊन पाहायचा, आणि खरंच, खांदा हललेला असायचा. मी पोळ्या लाटत दारातून बघायची. दोन डोकी, एक पांढरं, एक विरळ होत चाललेलं, एकाच दिशेला झुकलेली. मला फार बरं वाटायचं. सुनेला सासरच्या माणसांचं एवढं बरं वाटू नये अशी पुण्यात रीत आहे, पण वाटायचं.

अशाच एका संध्याकाळी नानांनी ते सांगितलं. मालिकेत हरलेला संघ मैदानाच्या कडेला बाकावर बसला होता, टोप्या डोळ्यांवर ओढून. कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश फिरत होता.

"आमची पोरं एकदा राज्याच्या फायनलला गेली होती," नाना म्हणाले. "सांगलीला. एका गुणानं हरलो. येताना एसटीत कोणी बोललं नाही. अकोल्याला गाडी थांबली, मी सगळ्यांना भजी घेऊन दिली. एकानं खाल्ली नाही. शाळेत पोचलो, हेडमास्तर म्हणे, आले का? बस. एवढंच."

"मला हे कधी सांगितलं नाहीत तुम्ही."

"तू चार वर्षांचा होता तेव्हा. मग पुढे खेळाचं नाव काढलं का तुला ताप यायचा, बाप्पा."

अविनाश हसला. नानाही हसले. मग अविनाशने टेप थांबवली आणि त्या पोरांची नावं विचारली. नानांनी सगळी सांगितली, कोण कुठल्या जागेवर बसायचा तेही.

आता घरात व्हिडिओ नाही. त्या टेपा माळ्यावर आहेत आणि त्या लावायला काही उरलेलं नाही. रेवा, माझी मुलगी, तेव्हा दुसरी-तिसरीत होती, आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे. परवा माळ्यावरून हिवाळ्याच्या रजया काढताना तिने विचारलं, "मम्मा, हे सगळी टेप्स फेकायची का?" मी नको म्हटलं. त्या पुन्हा आत सरकवायला लावल्या.

दसऱ्याची पूजा आम्ही मागच्या काचेच्या खोलीत करतो. घरात उदबत्ती लावली की धुराचा अलार्म बोंबलतो, म्हणून देवसुद्धा कॉन्झर्व्हेटरीत. तिथे रेडिएटर नाही. त्या सकाळी काचांवर आतून दव साचलं होतं आणि फरशी बर्फासारखी गार होती. खंडेनवमी कामाच्या दिवशी आली म्हणून शस्त्रं-अवजारंही आम्ही त्याच दिवशी पुजली. पाटावर अविनाशचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, माझी विळी, रेवाची शाळेतली बासरी. नानांनी खिशातून शिट्टी काढून ठेवली. ती त्यांनी नागपूरहून आणली होती. आणि अविनाशने ती नवी अंगठी ठेवली, हळदकुंकू लावलं.

आमच्याकडे, म्हणजे अविनाशच्या घरी, पूजेतली नवी वस्तू आधी घरातल्या मोठ्या माणसाने वापरायची अशी पद्धत आहे. नवी गाडी आली तर आधी नाना त्यात बसणार, नवं ताट आलं तर त्यात आधी नाना जेवणार. त्यामुळे अविनाशने अंगठी उचलून नानांच्या हातात देणं यात काही विशेष नव्हतं. नाना नुकतेच अंघोळ करून त्या गारठ्यात मांडी घालून बसले होते, बोटं थंडीने आक्रसलेली. उजव्या हाताच्या अनामिकेत अंगठी सरकली. सांध्यापाशी जरा अडली, नानांनी पिळून पुढे ढकलली.

"मस्त दिसतेय," अविनाश म्हणाला. "राहू द्या नाना. दिवाळीपर्यंत घाला."

"तुझी महागाची वस्तू..."

"घाला हो."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने बापाला काहीतरी दिलं होतं जे बापाला खरोखर हवं होतं. शर्ट दिले होते, घड्याळ दिलं होतं, ते मंगलताईंच्या कपाटात घडी मोडल्याशिवाय पडून होते. ही अंगठी नाना घालून निघाले. बसस्टॉपवर दाखवली, लायब्ररीत दाखवली, थेम्सच्या काठाने फिरायला गेले की बोटींसाठी पाण्याचं फाटक उघडणाऱ्या माणसाला दाखवली. डोरीनने कुंपणावरून विचारलं, "ही लग्नाची का?" तर नाना म्हणाले, "नो मॅडम. धिस इज लूजिंग रिंग. दे लॉस्ट. बट फायनल." डोरीन म्हणाली, "वेल, गुड फॉर देम," आणि त्यांना सफरचंदांची पिशवी दिली.

त्यानंतर केव्हा ते सुरू झालं, नेमकं सांगता येणार नाही. नानांसाठी आम्ही रेडिएटर मोठे करून ठेवले होते. ते पापड-लोणचं भरपूर खायचे, पाय खाली सोडून तासन्‌तास टीव्हीपुढे बसायचे. हात सुजणं त्यांना नवीन नव्हतं. एके दिवशी ते लोकरीचे हातमोजे घालून खाली आले. "तुमच्या देशात थंडी फार आहे बाप्पा," म्हणाले. मग मोजे रोजचेच झाले. जेवायच्या वेळी ते उजवा मोजा काढून दर घासानंतर हात ताटाच्या आड धरायचे. मी गरम पोळी वाढायला वाकले तेव्हा मला बोट दिसलं. अंगठीच्या वर आणि खाली ते फुगलं होतं, टोकाशी लालसर-जांभळं, आणि अंगठी मध्ये रुतून बसली होती.

"नाना, काढू या ना ती."

"निघते गं. मीच काढत नाही."

"काढून दाखवा."

"जेवू तर दे."

संध्याकाळी मी अविनाशला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. आम्ही नानांना सिंकपाशी उभं केलं. साबण लावला, खोबरेल लावलं, बर्फात हात बुडवला, हात वर धरून ठेवला. कुणीतरी दोऱ्याची युक्ती सांगितली होती, बोटाला दोरा घट्ट गुंडाळायचा आणि खालून उलगडत अंगठी वर चढवायची. अविनाश दोरा फिरवत होता. नानांच्या कपाळावर घाम आला. "दुखतंय?" "नाही रे. कर तू." दात मात्र आवळलेले. सांध्यापर्यंत अंगठी आली आणि तिथे कातडी फाटली. अविनाशच्या हातून दोरा सुटला. तो म्हणाला, मला नाही जमत हे, आणि मागच्या बागेत जाऊन उभा राहिला.

एकच मार्ग होता, तो तिघांनाही माहीत होता. अंगठी कापायची. पाच मिनिटांचं काम. पण ते तोंडातून काढणार कोण?

मी नानांना म्हटलं, "कापू या." ते एकदम ताठ झाले. "कापायचं नावही काढू नको. अशा एक-दोनच उरल्या म्हणाला तो. किती दिवस मागे होता तिच्या."

मी अविनाशला म्हटलं, "तू सांग त्यांना, कापा म्हणून." तो म्हणाला, "मेधा, मी कधी म्हटलं कापू नका? पण मी विषय काढला की ते म्हणणार, दुखत नाही. आय नो हिम. अजून लपवतील."

मी सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, फोन करून वेळ घेतली, त्या दिवशी नाना आधीच फिरायला निघून गेले आणि वेळ टळल्यावर परत आले, चेस्टनट वेचून. "मी ठणठणीत आहे," म्हणाले. एकाला सहन होत नव्हतं आणि सांगता येत नव्हतं, दुसऱ्याला बघवत नव्हतं आणि बोलता येत नव्हतं. आणि मी अडकित्त्यातली सुपारी. चिडले, रडले, एकदा तर ताट आपटलं. त्या दोघांनीही मला शांत करायचा प्रयत्न केला, अगदी एकमताने. असं एकमत त्यांचं आयुष्यात झालं नसेल.

अविनाशला बोट हवं होतं की अंगठी, हा प्रश्न माझ्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. उत्तर मला आजही माहीत नाही. मला वाटतं त्याला त्या बोटातली ती अंगठी हवी होती, आणि ती संध्याकाळ, तो सोफा, ती सांगलीची फायनल. अंगठी कापली की ते सगळं पुन्हा पोचलास का, जेवलास का, इथे येऊन थांबेल अशी काहीतरी वेडी भीती त्याला असावी. नानांनाही तीच असेल. मला दोघांचा राग यायचा आणि दोघांची माया वाटायची, आणि या दोन्हींचा त्या बोटाला काही उपयोग नव्हता.

नरकचतुर्दशीला मी सगळ्यांना उठवून तेल-उटणं लावायला बसवलं. रेवाला आजोबांच्या हाताला उटणं लावायचं होतं. नाना डावा हात पुढे करत होते, ती हट्टाने उजवा ओढत होती. मोजा निघाला.

"आजोबा, तुमचा बोट काळी झाली!" रेवा ओरडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मम्मा, इट स्मेल्स."

खोलीत उटण्याचा सुगंध होता, आणि त्याच्या खाली दुसरा वास होता. तो मलाही आला, अविनाशलाही आला. नानांच्या अंगावर तेल तसंच होतं. मी त्यांच्यावर ओव्हरकोट घातला आणि आम्ही शेजारच्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलला गेलो.

नर्स आयरिश होती, उतारवयाची, बोलायला फार गोड. तिने बोट पाहिलं आणि तशीच आत गेली. एक छोटं हत्यार आणलं, डबा उघडायच्या ओपनरसारखं, वर किल्ली, खाली दातेरी चाक. मग तिने विचारलं, अंगठी कापायला परवानगी हवी, अंगठी कुणाची?

"माय सन," नाना म्हणाले.

"माय फादर्स," अविनाश म्हणाला.

ती बाई एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिली. हत्यार तिच्या हातात होतं. दोघंही मान खाली घालून बसले होते, वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलांसारखे. मी म्हटलं, "कट इट. प्लीज, जस्ट कट इट."

"इट्स ओन्ली अ रिंग, माय लव्ह," ती नानांना म्हणाली आणि किल्ली फिरवायला लागली. बारीक किरकिर आवाज. नाना हाताकडे बघत नव्हते, अविनाशकडे बघत होते. तिने दोन पकडींनी कडं फाकवलं. अंगठी निघाली तिथे खोल खाच होती आणि तिच्यातलं कातडं अंगठीबरोबर आलं. नाना हूं की चूं करेनात. मग त्यांनी त्या नर्सला विचारलं, "कॅन जॉइन?" तिला वाटलं ते बोटाबद्दल विचारतायत. ते अंगठीबद्दल विचारत होते.

अविनाश उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्याला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काय करावं ते मला कळेना. मी त्याचा कोट धरून उभी राहिले.

डॉक्टर म्हणाले, बोटात रक्त पुन्हा फिरायला लागलंय, पण उशीर झालाय, साखरही फार आहे. औषधं दिली, ड्रेसिंग शिकवलं, घरी गेल्यावर न चुकता दाखवत राहा म्हणून बजावलं. बोट काळ्याचं तपकिरी झालं, सूज थोडी उतरली. आम्ही दिवाळी केली. चकल्या बिघडल्या. मालिका संपली, कोण जिंकलं ते मला आठवत नाही. अंगठी हॉस्पिटलने एका प्लास्टिकच्या डबीत घालून दिली होती, ती अजून तशीच आहे. जोडून मिळते, सोनाराला ते अवघड नाही. अविनाशने जोडली नाही आणि मी विचारलं नाही. त्याने अंगठ्या जमवणं सोडलेलं नाही. मध्यंतरी दोन-तीन आल्या. पण आता तो त्या मला दिव्याखाली दाखवत नाही, आणि मला भाजी निवडताना ते चुकल्यासारखं होतं.

नोव्हेंबरात नाना नागपूरला गेले. व्हिसा होता अजून, पण थंडी सोसत नाही म्हणाले, आणि या वेळी ते खरं असावं. हीथ्रोवर बँडेजच्या हाताने त्यांनी टाटा केला. मग दर रविवारी फोन. आता फोन माझ्याकडे यायला वेळ लागायचा.

"नाना, बोट कसं आहे?"

"मस्त. अबे, बोटाचं काय घेऊन बसला. तुझा तो क्लीव्हलंडवाला संघ कसा आहे यंदा?"

जानेवारीत एकदा मंगलताई म्हणाल्या, नाना झोपलेत. पुढच्या रविवारी म्हणाल्या, देवळात गेलेत. नाना आणि देऊळ! मी अविनाशकडे पाहिलं, पण तो म्हणाला, वय झालं की जातात माणसं. त्याच्या पुढच्या रविवारी नाना स्वतः आले फोनवर, आवाज जरा खोल. सर्दी झाली होती म्हणाले. बोट? बोट मस्त. आता त्रासच नाही काही. त्यांचा शब्द फोनच्या तारेतून पाच हजार मैल येणार, तो खरा धरायचा नाही तर काय करायचं माणसाने?

एप्रिलमध्ये रेवाच्या ईस्टरच्या सुट्टीत आम्ही नागपूरला गेलो. विमानतळाच्या दाराबाहेर पडलो आणि उन्हाची झळ तोंडावर आली. समोर नाना उभे होते, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, ताठ, थोडे वाळलेले. शेजारी मंगलताई. नानांचा उजवा हात पँटच्या खिशात होता. माझं पाऊल अडलं. खिशात हात घालून उभा राहणाऱ्या मुलाला नाना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावायचे, हे मला त्यांच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी हसत हसत सांगितलं होतं. रेवा धावत गेली, तिला त्यांनी डाव्या हाताने जवळ घेतलं. माझ्या खांद्यावरची बॅग घ्यायला डावा हात पुढे केला. मी मंगलताईंकडे पाहिलं तर त्या ट्रॉलीचं चाक बघत होत्या.

अविनाश नमस्काराला वाकला.

डाव्या हाताने आशीर्वाद देत नाहीत. नानांचा डावा हात अर्ध्यावर आला आणि थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलू नकोस असं डोळ्यांनी म्हणाले. मग खिशातून उजवा हात काढला आणि मुलाच्या डोक्यावर ठेवला. अनामिका मुळापासून नव्हती. तिथे गुलाबी, गुळगुळीत कातडी होती, चांगली जुनी झालेली.

अविनाशचं डोकं खाली होतं, त्याला काही दिसत नव्हतं. पण हात डोक्यावर टेकला आणि नानांच्या पायांवर ठेवलेले त्याचे हात तिथेच थिजले. माणसं ट्रॉल्या ढकलत आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती.

"ऊठ रे," नाना म्हणाले. "ऊन आहे. ऊठ."

तो उठेना.